बैठक आणि मुक्काम

एस्प्लनेडच्या बसस्थानकावरून सकाळी कचेरीला जाताना एक दृश्य नित्य दृष्टीस पडते. उत्तर बंगालातून रात्रभर धावत आलेली गाडी थांबते, दार उघडते आणि उतारू एकेक करून खाली येतात. खाली आलेला मनुष्य प्रथम सामान शोधीत नाही, की टॅक्सीवाल्याला हाक मारीत नाही. तो आधी दोन्ही पाय जमिनीवर आपटतो, कमरेवर हात ठेवून मागे वाकतो, आणि कोणी पाहत नाही अशी खात्री करून घेऊन पोटऱ्या चोळतो. मग त्याला सामानाची आठवण होते. आमची कचेरी तेथून हाकेच्या अंतरावर. दहा वर्षे हा प्रकार पाहत असूनही त्यात विचार करण्यासारखे काही आहे असे आम्हास कधी वाटले नव्हते. गतवर्षी आमच्या मातोश्रींना विमानप्रवासापायी जे भोगावे लागले त्यामुळे आमचे डोळे उघडले, आणि मनुष्य प्रवासात बसतो कसा, किती वेळ बसतो, व त्याला उठू कोण देते, याचा माग सुटीच्या दिवशी ग्रंथालयात बसून (पुन्हा बसूनच!) काढण्याचा नाद आम्हास लागला. मातोश्रींची हकीकत पुढे येईलच.

कलकत्त्याच्या वेशीपर्यंत ज्या मराठी माणसांची कीर्ती (अपकीर्ती म्हणणेच अधिक न्याय्य) सर्वांआधी पोहोचली, ती माणसे बसूनच आली होती; पण घोड्यावर. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून आले, आणि कंपनीच्या कलकत्त्याने धसका घेऊन शहराभोवती सात मैलांचा खंदक खणावयास घेतला. सहा महिन्यांत तीन मैल खणून झाले, मराठे काही आले नाहीत, आणि काम थांबले. पुढे १७९९ मध्ये खंदक बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड नेण्यात आला. बागबाजारातील मराठा डिच लेन या गल्लीच्या नावात तेवढी त्याची आठवण उरली आहे. ज्या ‘बर्गी’च्या नावाने बंगाली माता पोरांना निजवीत आल्या, तो आपल्या ‘बारगीर’ शब्दाचाच अपभ्रंश होय. त्या लुटीचे समर्थन करण्याचा आमचा हेतू नाही. बंगाली शेजाऱ्यांच्या घरी वर्षानुवर्षे चहा घेतल्यावर ते करवणारही नाही. आमचे लक्ष बारगिराच्या खोगिराकडे आहे. नागपुरापासून येथवर हजार-अकराशे किलोमीटरांचे अंतर तो बसून आला. पण घोड्यावरच्या बसण्याला आपल्या भाषेने ‘मांड’ असा निराळा शब्द ठेवला आहे, आणि तो यथार्थ आहे. त्या बसण्यात मांड्या आवळलेल्या असतात, पाय रिकिबीत जोर देत असतात, पोटरीला क्षणाचीही उसंत नसते. शिवाय जनावराला दाणावैरण लागते, पाणी लागते. म्हणून मुक्काम करावाच लागतो. मुक्काम घोड्यासाठी होता, पण त्याचा लाभ आपोआप स्वारालाही मिळत होता.

पालखीचेही तसेच. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील कलकत्त्यात पालखी हे भल्या माणसाचे वाहन होते आणि ती वाहणारे भोई बहुधा ओडिशाकडचे असत. १८२७ मध्ये परवाना, बिल्ला आणि भाड्याचे ठरीव दर यांची सक्ती झाली तेव्हा हे भोई मैदानावर जमले आणि त्यांनी काम बंद केले. हिंदुस्थानातील अगदी आरंभीच्या संपांत त्याची गणना होते. पालख्या अडल्या तेव्हा ब्राउनलो नावाच्या कोणा साहेबाने आपल्या पालखीला चाके लावून पुढे घोडा जुंपला व त्यातूनच ‘ब्राउनबेरी’ गाडी जन्मली, अशी कथा सांगतात. कथेचा खरेखोटेपणा असो. तिच्यातील मर्म असे, की भोई दमतो, खांदा बदलतो, थांबतो, प्रसंगी संपही करतो. चाक दमत नाही.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहावासा वाटला तो सांगतो.

१९०१ च्या डिसेंबरात कलकत्त्यास काँग्रेसचे अधिवेशन भरले. दक्षिण आफ्रिकेहून आलेले मोहनदास गांधी त्यास उपस्थित होते आणि काँग्रेसच्या कचेरीत त्यांनी चक्क कारकुनी केली होती, ही गोष्ट आम्हा कारकुनांस विशेष प्रिय आहे. अधिवेशनानंतर ते महिनाभर गोपाळराव गोखल्यांच्या बिऱ्हाडी राहिले. गांधी त्या वेळी बत्तीस वर्षांचे, गोखले पस्तीस. दोघेही आमच्याच वयाचे. मात्र हे साम्य येथेच संपते. गोखले नुकतेच वरिष्ठ कायदेमंडळात निवडून आले होते. त्या मंडळाच्या बैठका गव्हर्नमेंट हाउसात, म्हणजे आमच्या एस्प्लनेडच्या वायव्येस जो पांढरा प्रासाद आहे त्यात होत. गोखले घोड्याच्या गाडीतून हिंडत. गांधींना ते खटकले. ट्राम का नाही, ट्रामने जाणे पुढाऱ्याला कमीपणाचे का, असे त्यांनी सरळ विचारले. गोखल्यांना वाईट वाटले. त्यांनी सांगितले की मंडळाचा भत्ता आपण स्वतःच्या सुखासाठी खर्चीत नाही. तुमच्या ट्रामने हिंडण्याच्या स्वातंत्र्याचा आपल्याला हेवा वाटतो. पण नाव सर्वतोमुखी झालेल्या माणसाला ते जमत नाही. गांधींचे त्या मुद्द्यापुरते समाधान झाले, पण त्यांनी दुसरा प्रश्न पुढे केला : आपण फिरावयासही जात नाही, मग प्रकृती सदा नादुरुस्त असते यात नवल काय? यावर गोखल्यांचे उत्तर एवढेच, की मला फिरायला मोकळा झालेला तू पाहतोस तरी केव्हा?

गांधींनी हे सारे आपल्या आत्मकथेत लिहून ठेवले आहे. गोखल्यांचे देहावसान १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी झाले. बसण्याने ते गेले असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणण्याचा आम्हास अधिकार नाही. परंतु कारकुनाच्या टेबलाशी बसून तो संवाद वाचताना मन क्षणभर थबकते. २६ मार्च १९०२ रोजी गोखल्यांनी मंडळात आपले पहिले अंदाजपत्रकीय भाषण केले, आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २७ मार्चला, एस्प्लनेडहून खिदिरपूरला कलकत्त्याची पहिली विजेची ट्राम निघाली. तोवरच्या ट्रामगाड्यांना घोडे होते. घोडा गेला, बाके राहिली. पुढे ट्रामला दोन वर्ग असत : पहिल्यात गादी आणि पंखा, दुसऱ्यात नुसती लाकडी फळी. आसनाला दर्जा असतो ही गोष्ट कलकत्तेकर विमानात बसण्यापूर्वी ट्रामवरच शिकला होता. १९५३ च्या जुलैत दुसऱ्या वर्गाचे भाडे एका पैशाने वाढले तेव्हा हे शहर पेटून उठले. पण तो वेगळा विषय.

गांधींच्या त्या मुक्कामाचा शेवटही आमच्या विषयाला धरून आहे. हिंदुस्थान पाहावा म्हणून ते तिसऱ्या वर्गाने राजकोटला निघाले. गोखल्यांनी त्यांना लाडू आणि पुऱ्यांनी भरलेला फराळाचा डबा दिला व ते स्वतः स्टेशनवर पोहोचवावयास आले. गांधींनी मेलगाडी टाळून साध्या गाड्या धरल्या, आणि काशी, आग्रा, जयपूर व पालनपूर येथे प्रत्येकी एक दिवस उतरून, धर्मशाळेत राहत, यात्रेकरूंप्रमाणे प्रवास केला. सर्व खर्च, गाडीभाड्यासह, एकतीस रुपये. तिसऱ्या वर्गाची घाण, गर्दी आणि गैरसोय यांवर त्यांनी पुढे आयुष्यभर लिहिले. परंतु कलकत्ता ते राजकोट या लांबलचक बैठकीचे त्यांनी स्वतः होऊन पाच तुकडे केले होते, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

जलप्रवासाविषयी लिहावयाचे तर आनंदीबाई जोशींना वगळता येत नाही. टपालखात्यातील गोपाळरावांची इकडे बदली झाली होती. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. एकटी मराठी मुलगी, वय अठरा, आणि दोन महिन्यांचे पाणी. त्या प्रवासाला धैर्य किती लागले असेल ते लागो; पण बोटीला डेक असतो, आणि डेकवर येरझाऱ्या घालता येतात.

विमानाचा आरंभही असाच टप्प्याटप्प्यांचा होता. १९२४ च्या १ ऑक्टोबरला ॲमस्टरडॅमहून एक डच फोकर विमान बटाव्हियाला निघाले. वाटेत बल्गेरियात यंत्र बिघडून महिनाभर अडकले, नोव्हेंबरात कलकत्त्यास टेकले आणि २४ नोव्हेंबरला मुक्कामी पोहोचले. पंचावन्न दिवसांत प्रत्यक्ष उड्डाणाचे तास सव्वाशेच्या घरात. १९३३ मध्ये इंपीरियल एअरवेजची लंडन-कराची वाट दमदमपर्यंत वाढविण्यात आली, तेव्हा कराचीहून निघालेले विमान जोधपूर, दिल्ली, कानपूर, अलाहाबाद असे उतरत उतरत येई. त्यात नऊ प्रवाशांची सोय असे. पेट्रोल भरावयाचे म्हणून विमान उतरे, आणि विमान उतरले म्हणून माणूस उतरे. रात्री हॉटेलात पाठ टेकण्यास मिळे. ही चैन मोजक्या धनिकांचीच होती हे खरे. पण येथेही तोच न्याय : घोड्याच्या जागी पेट्रोलची टाकी आली, तरी मुक्काम टिकून होता.

यंत्राची सुधारणा म्हणजे एकेका मुक्कामाची हकालपट्टी होय. १९५२ मध्ये जेट विमान प्रवासी घेऊन उडू लागले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात अटलांटिकवर स्वस्त ‘टूरिस्ट’ वर्ग आला, आणि १९५८ च्या एप्रिलात ‘इकॉनॉमी’. या इकॉनॉमीमुळेच आमच्यासारख्यांच्या घरची माणसे विमानात बसू शकली, तेव्हा तिची निंदा करणे कृतघ्नपणाचे होईल. तथापि एका आसनाच्या पाठीपासून पुढच्याच्या पाठीपर्यंतचे अंतर तेव्हा चौतीस इंच ठरविले होते. आज बऱ्याच विमानांत ते एकतीस-बत्तीसवर आले आहे. उलट न थांबता उडण्याचे तास चौदा-पंधरावर गेले आहेत. १९५७ मध्ये लंडनहून एक मोटारबस वीस उतारू घेऊन १५ एप्रिलला निघाली आणि ५ जूनला कलकत्त्यास येऊन पोहोचली. त्या एकावन्न दिवसांतल्या उतारूंना आपण वेडे म्हणू. पण ते रोज संध्याकाळी खाली उतरत होते.

येथपर्यंतची गोष्ट अवघडण्याची झाली. पाय आखडतात, मुंग्या येतात, गोळा चढतो. चार पावले टाकली की सारे विसरले जाते. वैद्यकाने याकडे फार काळ याच दृष्टीने पाहिले. अपवाद एका इटालियन वैद्याचा. बर्नार्दिनो रामाझिनी याने धंद्यांपासून होणाऱ्या रोगांवर १७०० मध्ये ग्रंथ लिहिला व १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांविषयी प्रकरण घातले. त्यांच्या दुखण्याची कारणे त्याने तीन सांगितली : सततचे बसणे, हाताची अखंड एकसुरी हालचाल, आणि हिशेबात चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण. तीनशे वर्षांपूर्वी हा गृहस्थ आमच्या विभागात येऊन गेला असावा असा संशय येतो.

परंतु बसणे प्राणावरही बेतू शकते, हे स्पष्ट दिसले ते दुसऱ्या महायुद्धात. १९४० मध्ये लंडनवर बाँब पडत असताना लोक रात्र रात्र तळघरांत, आश्रयस्थानांत, कापडी आरामखुर्च्यांवर बसून काढीत. सकाळी उठून चालू लागलेली माणसे एकाएकी कोसळून मरू लागली. कीथ सिम्प्सन या न्यायवैद्यकाने शवविच्छेदन करून दाखविले की पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी धरते, ती सुटून फुप्फुसात जाऊन अडकते, आणि माणूस जातो. असे मृत्यू पूर्वीच्या सहापट झाले होते. खुर्चीची पुढची लाकडी पट्टी गुडघ्यामागच्या लवणीत रुतत होती, हे त्याने नोंदविले. त्यानंतर १९५४ मध्ये बॉस्टनच्या जॉन होमन्स यांनी दीर्घकाळ बसण्याने पायांत गुठळ्या झालेले पाच रुग्ण वर्णिले. त्यांत एक डॉक्टरच होता, जो चौदा तासांचे उड्डाण करून व्हेनेझुएलास गेला होता. १९७७ मध्ये या दुखण्यास ‘इकॉनॉमी क्लास सिंड्रोम’ हे नाव मिळाले. नाव फसवे आहे, कारण हा रोग वर्ग पाहत नाही. बसमध्ये, मोटारीत आणि आगगाडीतही तो होऊ शकतो.

त्याची रीत समजावयास सोपी आहे. हृदय रक्त खाली ढकलते. ते पायांतून वर चढवावयाचे काम पोटरीच्या स्नायूंकडे असते. पाऊल पडले की पोटरी आवळते, शीर दाबली जाते, रक्त वर सरकते, आणि शिरेतल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. पाऊल पडलेच नाही तर रक्त साचते, आणि साचलेले रक्त गोठू पाहते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात, चार तासांहून अधिक वेळ निश्चल बसून केलेल्या प्रवासाने हा धोका दुपटी-तिपटीने वाढतो असे आढळले. तरीही प्रत्यक्ष प्रमाण सहा हजारांत एक इतके अल्प आहे. घाबरून जाण्याचे कारण नाही, हे आम्ही मुद्दाम सांगतो. मात्र त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली : अतिशय उंच माणसांप्रमाणेच १.६० मीटरहून ठेंगण्या माणसांनाही धोका अधिक. कारण पाय जमिनीला पुरत नाहीत आणि आसनाची कड लवणीत रुतते. लंडनच्या तळघरातली पट्टी ती हीच.

आमच्या मातोश्रींची उंची पाच फूट भरेल की नाही, कोण जाणे. वय सहासष्ट. धाकट्या बंधूंना न्यू जर्सीत कन्यारत्न झाले म्हणून त्या गतवर्षी गेल्या. आखातापर्यंत पाच तास आणि तेथून पुढे एका दमात चौदा. येतानाही तेच. घरी त्या खुर्चीवर क्वचितच बसतात. जमिनीवर मांडी घालतात, मग एक पाय पसरतात, मग उकिडव्या बसून भाजी निवडतात, मग काहीतरी आणावयास उठतात. अर्धा तास एका ठाणी बसलेल्या आम्ही त्यांना पाहिलेल्या नाहीत. विमानात त्यांना खिडकीची जागा मिळाली, ‘खाली ढग दिसतील’ म्हणून आम्हीच हौसेने मागितलेली. शेजारी दोन अनोळखी पुरुष झोपी गेलेले. त्यांना उठवावयाचे कसे? उठवावे लागू नये म्हणून पाणीही प्यावयाचे नाही. चौदा तासांत त्या एकदाच उठल्या, तेही शेजारी आपण होऊन उठला तेव्हा. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण आम्हास त्यांनीच लहानपणी शिकविली होती.

कलकत्त्यास उतरल्यावर चौथ्या दिवशी डावी पोटरी सुजली, तापली, दगडासारखी झाली. प्रवासाचा शीण म्हणून आम्ही दोन दिवस तेल चोळले. वस्तुतः तेव्हा चोळणे हेच सर्वांत घातक, असे डॉक्टरांनी नंतर सांगितले तेव्हा आमचे हातपाय गार पडले. तपासणीत गुठळी दिसली. ती वर गेली नाही, हे भाग्य. तीन महिने रक्त पातळ करणारी औषधे झाली, आणि त्या काळात भाजी चिरताना बोट कापले तरी घरात धावाधाव होई. मातोश्री शांत होत्या. त्यांना दुःख एकाच गोष्टीचे होते : आता नातीकडे पुन्हा जाता येणार नाही.

परंतु आता बंधूंकडे दुसरे अपत्य व्हावयाचे आहे, आणि जाण्याचे पुन्हा चालले आहे. डॉक्टरांनी अनुमती दिली आहे, अटी पुष्कळ. घट्ट मोजे, औषध, भरपूर पाणी, कडेची जागा, आणि तासातासाला उठणे. आम्ही आमच्याकडून आणखी एक अट घातली : आखातात एक रात्र उतरावयाचे. खर्च वाढतो म्हणून बंधूंनी दूरध्वनीवर बरीच कुरकुर केली. अखेर गांधींचे एकतीस रुपये सांगितले तेव्हा ते हसले आणि कबूल झाले.

मातोश्री जवळच मटार सोलीत बसल्या होत्या. सर्व ऐकून घेऊन त्यांनी विचारले, “अरे, पण तिथे धर्मशाळा असेल ना?”